पेट स्कॅनमधला प्रत्येक चमकता ठिपका कॅन्सरच असेल असं नाही

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) संपले, आणि नंतरच्या पेट-सिटीत (पेट स्कॅन आणि सिटी स्कॅन एकत्र) "मानेत एफडीजी घेणारी गाठ" असं लिहून आलं की अख्ख्या घराचा धीर सुटतो. खर्ऱ्यानं (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) विदर्भात इतकी तोंडं नासवली आहेत की नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत, दवाखान्यांच्या भागात, असे रिपोर्ट हातात घेऊन बसलेली माणसं नेहमी दिसतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेली साखर. मशीनला कॅन्सर ओळखता येत नाही. कुठल्या पेशी साखर जास्त ओढतायत, एवढंच ते दाखवतं. भरत आलेली जखम, पू झालेली दाढ, शेकानं खराब झालेलं जबड्याचं हाड, टीबीची गाठ, हे सगळे साखर ओढतात.

सगळ्यात जास्त घोळ स्कॅनच्या तारखेचा होतो. शेकानं आलेली सूज उतरायला वेळ लागतो, म्हणून डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये शेवटच्या शेकानंतर 12 आठवडे थांबतात. ऑपरेशननंतर साधारण 6 आठवडे. केमोनंतर किमान 10 दिवस, शक्यतो पुढच्या सायकलच्या अगदी आधी. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर सगळ्या हाडांचा मगजच उजळतो. त्यासाठी 2 आठवडे सोडावेत. लस घेतल्यावर त्याच बाजूच्या काखेतल्या गाठी काही आठवडे चमकतात, म्हणून कोणत्या हाताला, कधी टोचली ते सेंटरवर सांगा. मात्र गाठ वाढतेय किंवा जखम चिघळतेय असं दिसत असेल तर 12 आठवड्यांची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

तयारीत 6 तास उपाशी राहायचं, फक्त साधं पाणी. चंद्रपूर-गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून आलेला पेशंट स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाऊन येतो, आणि तिथेच स्कॅन बिघडतो: इन्सुलिन वाढतं आणि साखर स्नायूंमध्ये जाते. रक्तातली साखर 200 mg/dL च्या खाली हवी. मेटफॉर्मिननं (मधुमेहाची गोळी) आतडं चमकतं, म्हणून बरीच सेंटर्स ते 48 तास आधी थांबवायला सांगतात. पण डॉक्टरांना विचारूनच, मनानं नाही. आदल्या दिवशी मेहनतीचं काम नको. एफडीजीच्या इंजेक्शननंतरचा तासभर बोलणं आणि चघळणं बंद, नाहीतर स्वरयंत्र आणि जबड्याचे स्नायू उजळतात. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत स्वेटर आणि ब्लँकेट हवंच. थंडीनं शरीरातली तपकिरी चरबी जागी होते आणि ती असते मानेत, गळपट्टीच्या हाडावर, म्हणजे नेमकी जिथे आपण गाठ शोधतो तिथे.

एसयूव्हीच्या, म्हणजे गाठीनं किती साखर ओढली ते सांगणाऱ्या रिपोर्टमधल्या आकड्यावर माझा भर कमी आहे, आणि त्याला कारण आहे. हा आकडा वजनावर ठरतो. तोंडाच्या पेशंटचं वजन 60 वरून 52 किलोवर आलं आणि मशीनमध्ये जुनंच 60 टाकलं, तर खरा 4.0 असलेला आकडा 4.6 दिसतो. गाठ तीच, पण कागदावर "वाढली". म्हणून वजन त्याच दिवशी काट्यावर करा. इंजेक्शन आणि स्कॅन यांतलं अंतर दोन्ही वेळी सारखं हवं: मागच्या वेळी 60 मिनिटं आणि आता 90 झाली, तर तुलना बसत नाही. शक्य असेल तर मशीनही तेच असू द्या. जुन्या स्कॅनची सीडी नक्की न्या, नुसत्या कागदावरून डॉक्टर दोन चित्रं शेजारी ठेवू शकत नाहीत.

टीबी आपल्याकडे इतका आहे की छातीच्या मधल्या गाठी उजळल्या तर तो आधी मनात यावा, विशेषतः दोन्ही बाजूंना सारख्या असतील तेव्हा. एसयूव्ही बघून टीबी आणि कॅन्सर वेगळे करता येत नाहीत; टीबीचा आकडाही चांगलाच वर जातो.

शंका उरलीच तर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करायचा, की सोनोग्राफीखाली सुई घालायची, हे डॉक्टर ठरवतील. सुई किंवा तुकडा घेणार असतील तर आधीच विचारा: टीबीसाठी नमुना वेगळा ठेवणार का? सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवायचं द्रावण) गेला तर जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. एक भाग साध्या सलाइनच्या डबीत ठेवून लगेच सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरला पाठवावा लागतो. हे सुई घालण्यापूर्वी बोलायचं, कारण डबी बंद झाल्यावर तोच तुकडा परत वापरता येत नाही.