तुम्ही विचारलंत म्हणून: चकती फिरवली की वजन घटतं का?

उद्यमनगरात माझं बॅलन्सिंगचं छोटं वर्कशॉप आहे. ब्लोअरचे इंपेलर, मोटरचे रोटर, असली कामं. इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टसाठी येतात आणि चहा येईपर्यंत एखादा मोबाईल पुढे करतोच, "सर, सुपरकंडक्टर (खूप थंड केल्यावर ज्यातून वीज विनाअडथळा वाहते असा पदार्थ) जोरात फिरवला की त्याच्यावरच्या वस्तूचं वजन घटतं म्हणे. खरं का?"

नाही. (व्हिडिओत तरंगणारा चुंबक दिसतो तो चुंबकत्वाचा खेळ, त्याचा इथं संबंध नाही.) पण नुसतं नाही म्हणून भागत नाही, कारण हा दावा कुणा बुवाबाजाचा नव्हता. 1992 साली फिनलंडमधल्या टाम्पेरेत काम करणाऱ्या येवगेनी पोदक्लेतनोव यांनी तो रीतसर शोधपत्रिकेत छापला होता. इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साईड या सुपरकंडक्टरची थंड चकती फिरवली, वर टांगलेला नमुना 0.3 टक्क्यांपर्यंत हलका झाला, असा. पुढे आकडा 2 टक्क्यांवर गेला आणि तो लेख छापण्याआधीच मागे घेतला गेला. 2003 मध्ये हॅथवे आणि सहकाऱ्यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला, वजन जागचं हललं नाही.

मला जास्त रस आहे तो ऑस्ट्रियातल्या मार्टिन टायमार यांच्या प्रयोगात. द्रव हेलियमच्या थंडीत सुपरकंडक्टर होणाऱ्या नायोबियम धातूचं कडं, मिनिटाला 6500 फेऱ्यांपर्यंत. 2006 साली त्यांनी सांगितलं की कड्याचा वेग बदलला की जवळचा ॲक्सिलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजणारा सेन्सर, गुरुत्वत्वरणाच्या दहा हजाराव्या भागाएवढा धक्का दाखवतो. फिरणारं वस्तुमान भोवतालच्या अवकाशाला किंचित ओढतं, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतात आहेच. पण त्यातून एवढ्याशा कड्यासाठी जेवढा परिणाम निघतो, त्याच्या एकावर वीस शून्य इतक्या पट हा धक्का होता!

असलं काही वाचलं की माझं पहिलं लक्ष सेन्सर कसा बसवलाय तिकडे जातं. आम्ही बेअरिंगच्या हाउसिंगवर ॲक्सिलरोमीटर चुंबकानं चिकटवतो. केबल लोंबती राहिली तर तिच्या हेलकाव्यानंच आकडा चढतो, रोटर बिचारा ठीकठाक असतो. म्हणून केबल आधी टेपनं आवळायची. आणि टायमार यांच्या प्रयोगात तर जोडीला उकळून हादरे देणारं हेलियम होतं. टायमार यांनी स्वतःच मांडणी बदलत, सुधारत नेली. 2011 पर्यंत अधिक नेटक्या मोजणीत तो परिणाम उरला नाही आणि तेही त्यांनीच छापलं. मला हा माणूस त्यासाठीच आवडतो.

मग फिरत्या सुपरकंडक्टरचा आणि गुरुत्वाचा काहीच संबंध नाही का? आहे, पण मोजमापाच्या बाजूनं. सुपरकंडक्टर फिरला की स्वतःभोवती बारीकसं चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि ते बरोबर फिरण्याच्या अक्षावर असतं. 2004 साली नासानं सोडलेल्या ग्रॅव्हिटी प्रोब बी यानात नायोबियमचा मुलामा दिलेले क्वार्ट्झचे फिरते गोळे होते, पिंगपाँगच्या चेंडूएवढे. ते अतिप्रवाही (घर्षणाशिवाय वाहणाऱ्या) हेलियमच्या टाकीत थंड ठेवलेले. त्या क्षेत्रावरून गोळ्यांचा अक्ष किती कलला ते वाचायचं. पृथ्वी अवकाशाला ओढते त्यामुळं अक्ष वर्षाला 39.2 मिलीआर्कसेकंद (एक म्हणजे अंशाचा छत्तीस लाखावा भाग) कलायला हवा होता. मोजला गेला 37.2, त्यात 7.2 इकडेतिकडे चूक असू शकते. मोजणी 2005 मध्ये संपली, आकडा जाहीर झाला 2011 मध्ये. गोळ्यांच्या आणि त्यांच्या घरांच्या पृष्ठभागावर विद्युतदाबाचे बारीक ठिपके होते, ते अक्षाला ढकलत होते. तेवढं ढकलणं हिशेबातून वेगळं काढण्यात मधली वर्षं गेली.