तुम्ही विचारलंत म्हणून: तारवाल्याच्या तालमी

"दोन वाक्यांच्या माणसाला रोज तालमीला कशाला बोलावता?" राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की हा प्रश्न येतोच. कधी त्या नटाच्या घरचे विचारतात, कधी तो स्वतः. सोलापुरात हौशी नाटक करणारा माणूस दिवसभर कामावर असतो. कुणी चादरीच्या कारखान्यात, कुणी बँकेत, कुणी दुकानात. संध्याकाळी साडेसात ते दहा तालीम, आणि त्यात त्याच्या वाट्याला जेमतेम चाळीस सेकंद. प्रश्न रास्त आहे, म्हणून एकदाच नीट उत्तर देते.

आधी माझंच एक वाक्य मागे घेते. 'भूमिका लहान नसते, नट लहान असतो' हे मी वर्षानुवर्षं ऐकवत आले. ते खरं नाही. भूमिका लहान असते आणि नटाला ते पहिल्या वाचनालाच कळतं. त्या वाक्याने रुसलेल्या माणसाची समजूत निघते, पण रंगमंचावर जाऊन नेमकं करायचं काय, ते त्याला कळत नाही.

आणि काम नेमकंच असतं. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधला द्वारपाल बघा. राजाचा खून झालेला, मॅकबेथचे हात रक्ताने माखलेले, दारावर थापा पडतायत, आणि हा दारूच्या अमलात बडबडत दार उघडायला निघालाय. त्याची बडबड चालू असते तोवर आत नटाला हात धुवून कपडे बदलता येतात आणि इकडे प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. 'लांबतंय' म्हणून ती बडबड कापलीत, तर मॅकबेथ ओल्या हातांनी बाहेर येईल. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधला सामंत तर गावातला साधा, भाबडा माणूस. खोट्या खटल्यात नट कमी पडतो म्हणून साक्षीला उभा केलेला. तो एका कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून देतो आणि नेमका तोच त्या खटल्यात आरोपी केलेल्या बेणारेच्या वर्मी लागतो. सामंत करणाऱ्या नटाने 'मी आता कुणाला तरी दुखावणार आहे' असं आधीच चेहऱ्यावर आणलं, तर सगळं हातचं गेलं.

आता तारवाला. तारसेवा, म्हणजे टेलिग्राम, 2013च्या जुलैत बंद झाली. आजच्या विशीतल्या मुलाने तार आलेली पाहिलेलीच नसते. दारात तारवाला दिसला की घरातल्या बायकांच्या पोटात गोळा यायचा, हे त्याला सांगावं लागतं. एका नाटकात हे पात्र होतं. वाक्यं दोनच: "तार आहे." "इथं सही करा." पुढे बाप तार उघडतो आणि मुलगा गेल्याचं वाचतो.

तालमीत सही हवेत बोट फिरवून होत होती, दोन सेकंदांत. पावती नाही, पेन नाही. प्रयोगाच्या संध्याकाळी, मेकअप चालू असताना, त्या मुलाच्या हातात खरी पावती दिली गेली. पेन कुणीच दिलं नाही. प्रवेशात त्याने तार दिली, पावती पुढे धरली, म्हणाला, "इथं सही करा." बाप झालेल्या नटाने हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. त्याने स्वतःचा खिसा चाचपला. मग टेबलावरचं पेन घेतलं, तर ते नेपथ्याचा भाग म्हणून स्टँडला चिकटवलेलं! त्याने ओढलं तसा अख्खा स्टँड उचलला गेला. प्रेक्षागृहात हशा. मुलगा गोंधळून, सही न घेताच विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशाला, परतला. प्रकाशयोजनेचा क्यू, म्हणजे दिवे बदलायची खूण, त्याच्या एक्झिटवर होता, त्यामुळे दिवे मंदावले, आणि बापाला मुलाच्या मरणाची तार हसणाऱ्या लोकांसमोर अर्ध्या अंधारात वाचावी लागली. पुढचा पाऊण अंक त्या हशातून वर आलाच नाही.

पडदा पडल्यावर सगळे त्या मुलावर तुटून पडले. चूक त्याची नव्हती. सही खऱ्या पेनाने केली तर आठ-दहा सेकंद लागतात, आणि त्या प्रवेशातली सगळी भीती त्याच सेकंदांत असते. ते सेकंद तालमीत कधी मोजलेच गेले नव्हते. ही चूक नाटक बसवणाऱ्याची.

तेव्हापासून उभ्या (हालचालींसकट करायच्या) तालमींच्या पहिल्या दिवशी पावती आणि पेन हजर. पेन तारवाल्याच्या वरच्या खिशात, दुसरं विंगेत प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंच्या, टेबलावर. तारेच्या पाकिटाचं तोंड चिकटवायचं नाही, फक्त आत खोचायचं, कारण घामेजल्या बोटांनी ते फाटतं. आतल्या कागदावर मजकूर खरा लिहायचा, पाठांतर चुकलं तर आधार होतो. विंगेत साइड लाइटच्या मागे उभं राहायचं, पुढे उभं राहिलं तर सावली आधीच रंगमंचावर पोचते. चप्पल पायात घालून तालीम करायची, लाकडी फळ्यांवर ती किती वाजते ते कळायला हवं. आणि क्यूच्या, म्हणजे आपल्या प्रवेशाची खूण असलेल्या वाक्याच्या, शेवटच्या शब्दावर निघायचं नाही, त्याच्या आधीच्या वाक्यावर चालू लागायचं. नाहीतर दारात पोचेपर्यंत प्रवेशात रिकामं भोक पडतं.

आणखी एक, आणि यावर मी भांडते. आपल्याकडे गडी, हमाल, शिपाई आला की त्याला तेलुगू-कानडी हेल लावून हशा काढायची सवय आहे. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात समोर बसलेल्यांत निम्म्या घरांत तो हेल रोजचा असतो. नटाचा स्वतःचा असेल तर असू द्या, तो कानाला खरा लागतो. उसना घेतलेला हेल त्या पात्राला माणूस राहू देत नाही.

एवढं सांगूनही तुमचा प्रश्न अर्धा उरतोच. पेन, पाकीट, चप्पल यांना पाच-सहा तालमी पुरतात. मग रोज का? मी म्हणते, इतरांच्या श्वासाचा अंदाज यायला. पण तारवाला दुसऱ्या अंकात येतो, तरी मी त्याला पहिल्या घंटेपासून विंगेत बसवते. तिथे तो तासभर गप्प बसून असतो, घरी बायको वाट बघत असते, सकाळी सातची पाळी असते. मागच्या आठवड्यात त्याने विचारलं, "मॅडम, उद्या नऊला आलो तर चालेल का?" मी नाही म्हणाले. तो साडेसातला आला. पेन खिशात होतं.