राखेखालची लाल कड : धातूच्या भुकटीच्या ज्वलनशीलता चाचणीचा माझा अनुभव

रासायनिक सुरक्षा नियमांनुसार काही असेंद्रिय घन पदार्थांची ज्वलनशीलता ठरवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा सहकाऱ्यांचा सल्ला एकच होता : पदार्थ असेंद्रिय आहे, तर ‘ज्वलनशील नाही’ असे लिहून मोकळे व्हा. यादीतल्या कॅल्शियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइडपुरता तो सल्ला बरोबरच होता. त्यांच्यातले कॅल्शियम, कार्बन आणि टायटॅनियम आधीच सर्वोच्च ऑक्सिडीकरण अवस्थेत असल्यामुळे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावण्याजोगे त्यांच्यात काही उरलेले नसते. त्यांच्यासाठी चाचणी न करता रचनेवर आधारलेला युक्तिवाद मी एका परिच्छेदात मांडला. पण गंधक, तांबडा फॉस्फरस आणि मॅग्नेशियमही असेंद्रियच आहेत, आणि ते जळतात. लोहाचे सल्फाइड तर बारीक स्वरूपात हवा लागताच आपोआप पेटू शकते. त्यामुळे पदार्थ कोणत्या वर्गात मोडतो यापेक्षा त्यातील मूलद्रव्ये कोणत्या अवस्थेत आहेत, हा प्रश्न मी यादीतल्या प्रत्येक नावापुढे लिहून ठेवला.

खरी अडचण आली ती ॲल्युमिनियमच्या एका संमिश्राच्या भुकटीपाशी. ही भुकटी जाड आणि बारीक अशा दोन प्रतींत पुरवली जात होती, आणि जुन्या कागदपत्रांत दोन्हींसाठी एकच निष्कर्ष नोंदवलेला होता. पदार्थ ज्या स्वरूपात पुरवला जातो त्याच स्वरूपात तपासायचा असल्याने मी दोन्ही प्रतींचे स्वतंत्र नमुने मागवले. भुकटी हवेत आपोआप पेट घेत नाही ना, हे आधी पाहणे आवश्यक होते. त्यासाठी एक-दोन मिलिलिटर भुकटी सुमारे एक मीटर उंचीवरून न जळणाऱ्या पृष्ठभागावर ओतून पाच मिनिटे निरीक्षण करायचे असते. हे सहा वेळा केले. काही घडले नाही.

त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी पुस्तिकेतली एन.1 ही चाचणी घेतली. तिच्या प्राथमिक टप्प्यात सुमारे 250 मिलिमीटर लांब, 20 मिलिमीटर रुंद आणि 10 मिलिमीटर उंच अशी भुकटीची अखंड पट्टी, उष्णता फारशी न वाहणाऱ्या थंड पाटावर मांडतात आणि तिच्या एका टोकाला किमान 1000 अंश सेल्सिअसची ज्योत लावतात. इतर पदार्थांना ज्योत जास्तीत जास्त दोन मिनिटे लावतात, धातूंच्या भुकटीला पाच मिनिटे. आणि ज्वलन 200 मिलिमीटरपर्यंत पोहोचते का, हे पाहण्यासाठी इतरांना दोन मिनिटांची मुदत असते, तर धातूंना वीस. वीस मिनिटे मला सुरुवातीला अनावश्यक वाटली होती.

जाड प्रत ज्योत काढताच काळवंडून थांबली. बारीक प्रतीचे टोक पांढऱ्या प्रकाशाने क्षणभर झळाळले, मग ज्योत दिसेनाशी झाली आणि वर करड्या-पांढऱ्या ऑक्साइडचा थर धरला. तीन मिनिटांनंतर मी नोंदवहीत ‘ज्वलन पुढे सरकले नाही’ असे लिहायला घेतले. तेवढ्यात खोलीतला दिवा मंद करून पाहावे असे सुचले, आणि त्या थराच्या कडेला केसाइतकी बारीक लाल रेषा दिसली. ती स्थिर वाटत होती. पाटाशेजारच्या मोजपट्टीवर नजर ठेवली तेव्हा कळले की ती सुमारे दोन सेकंदांत एक मिलिमीटर या गतीने पुढे सरकत आहे. ज्योतीशिवाय, नुसते धुमसत पसरलेले ज्वलनही या चाचणीत ज्वलनच मानले जाते. ते लिहिलेले अर्धे वाक्य मी खोडून सही केली; आजही त्या पानाची मला धास्ती वाटते. रेषेने 200 मिलिमीटरचे अंतर सातव्या मिनिटाच्या आत ओलांडले.

त्यामुळे बारीक प्रतीची मुख्य चाचणी करणे भाग पडले. त्यात भुकटी त्रिकोणी छेदाच्या साच्यात सैल भरतात, साचा 20 मिलिमीटर उंचीवरून तीनदा टणक पृष्ठभागावर आपटतात आणि मग रास पाटावर उतरवतात. साधारण पदार्थांत 100 मिलिमीटरला लागलेला वेळ मोजतात आणि पुढे रासेचा एक भाग ओला करून ज्वलन अडते का ते पाहतात. धातूंच्या भुकटीला ती पायरी लागू नाही. तिथे रासेच्या पूर्ण लांबीला लागलेला वेळ निर्णायक ठरतो. पाच मिनिटे किंवा कमी लागल्यास ज्वलनशील घनाचा पहिला, म्हणजे अधिक धोक्याचा प्रवर्ग, त्याहून जास्त पण दहा मिनिटांच्या आत असल्यास दुसरा. सहा फेऱ्यांतला सर्वांत कमी वेळ 7 मिनिटे 50 सेकंद आला, म्हणून बारीक प्रत दुसऱ्या प्रवर्गात गेली.

पाण्याशी संपर्क आल्यावर ज्वलनशील वायू निघतो का, ही चाचणी दोन्ही प्रतींवर वेगळी केली. सात तासांत वायूचा वेग दर किलोग्रॅममागे ताशी एक लिटरच्या खालीच राहिला. एन.1 मध्ये रास जळते, हवेत उडालेला धुळीचा ढग नव्हे. म्हणून धूळस्फोटाच्या धोक्याची नोंद मी सुरक्षा माहितीपत्रात स्वतंत्रपणे केली. जाड प्रतीच्या फाइलमध्ये ‘ज्वलनशील घन म्हणून वर्गीकरण नाही’ असा निष्कर्ष लिहिताना चाचणी केलेल्या नमुन्याची कणांच्या आकाराची मर्यादा त्याच ओळीत दिली, आणि त्याहून बारीक दळल्यास हा निष्कर्ष लागू राहत नाही, हेही तिथेच लिहिले.