चौदावा श्वास

श्वास मोजायचे, एक ते दहा. दहा झाले की पुन्हा एकपासून. ध्यानाच्या सगळ्या रीतींमध्ये ही सोपी म्हणतात. श्वास सोडताना एक आकडा मनात म्हणायचा, बस्स. दहापर्यंत तर बालवाडीतलं पोरही मोजतं. मी फोनवर दहा मिनिटांचा गजर लावला, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले.

भानावर आले तेव्हा चौदावर होते.

दहा कधी ओलांडले, पत्ताच नाही. आकडे आपले घाण्याच्या बैलासारखे चालले होते आणि मी तीन वर्षांपूर्वीच्या एका भांडणात उभी होते. या वेळी उत्तर चोख होतं, समोरचा गप्प झाला होता. (प्रत्यक्षात कोण गप्प झालं होतं, ते जाऊ दे.)

मग एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि जरा धीर आला. हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २,२५० माणसांना फोनवरून अवचित विचारलं होतं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. गंमत म्हणजे, मनातले मांडे खाणारेही कामात रमलेल्यांपेक्षा जास्त खूश नव्हते. मग एवढे मांडे भाजायचे तरी कशाला?

तरी पहिले काही दिवस मी विचारांना हुसकावतच होते. ते तर हमखास फसतं. १९८७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात लोकांना सांगितलं होतं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा तर अस्वल आणखीच जोरात आलं.

म्हणून आता मी विचाराला नुसतं नाव देते. ‘भांडण.’ ‘उद्याची काळजी.’ ‘कानाला खाज.’ आणि परत एक. हे करता करता एक जरा अपमानास्पद शोध लागला. मला वाटायचं, आपल्या डोक्यात हजार विचारांची वर्दळ असते. नावं द्यायला लागल्यावर दिसलं, गिऱ्हाईकं चार-पाचच आहेत, तीच कपडे बदलून येतात. ‘लोक काय म्हणतील’ तर दिवसातून किती फेऱ्या मारतं, मोजणं सोडून दिलंय.

परवा रात्री एका मेलला उत्तर लिहीत होते. बोटं भराभर चालली होती. मध्येच लक्षात आलं, दात घट्ट आवळलेत, खांदे कानाला लागलेत आणि श्वास गळ्यापाशीच अडकलाय. मनात आपोआप शब्द आला, ‘भांडण’. राग काही गेला नाही, चांगला होता तसाच होता. फक्त अंगठा ‘पाठवा’च्या बटणावर थांबला. हळूहळू श्वास सोडला. एक. दोन. तीनपर्यंत जबडा सैल झाला. चारला पुन्हा मेलमधलंच एक वाक्य सुधारत होते.

मेल ड्राफ्टमध्येच ठेवून झोपले. सकाळी उघडून वाचला आणि पुसून टाकला. दुसरा परिच्छेद मात्र फार सुरेख जमला होता.