आमची वाटचाल: दोन रोलरचा पंप

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ, एक ड्रिल आणि आम्ही दोघं भागीदार. भागीदार लेथवर बसायचा, मी गिऱ्हाईक बघायचो. आम्ही पेरिस्टाल्टिक पंप करायचो, म्हणजे फिरते रोलर मऊ नळी दाबत जातात आणि आतलं पाणी पुढं ढकलतात. पहिला पंप इचलकरंजीच्या अण्णांनी घेतला, त्यांच्या कापड प्रोसेस हाऊसच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर) हायपो, म्हणजे क्लोरीनचं द्रावण, सोडायला. त्यांच्या जुन्या डायफ्राम पंपात (पडदा आणि व्हॉल्व्हवर चालणाऱ्या) हायपोचा गॅस अडकून डोसिंग, म्हणजे मापानं औषध सोडणं, बंद पडायचं. आमच्यात व्हॉल्व्हच नाही, अडकणार कुठं?

पुढची सहा-सात वर्षं बरी गेली. मग शेजारच्या लेनमध्ये याच धंद्यात एक जण उभा राहिला. त्याचं पत्रक होतं, 'सहा रोलर, जास्त फ्लो'. गिऱ्हाईक आम्हाला ऐकवायला लागलं, "तुमचे दोनच?" भागीदार म्हणाला, करू नको. मी ऐकलं नाही. सहा रोलरची हेडं (रोलर आणि नळी बसते तो पंपाचा भाग) काढली, तीही कर्ज काढून.

आता हिशोब बघा. नळी आतून 8 मिमी, रोलरच्या वाटेची मध्यत्रिज्या 50 मिमी. कागदावर एका फेऱ्याला 15.8 मिली. पण प्रत्येक रोलर जिथं नळी दाबतो तिथली जागा पाण्याला मिळत नाही. आमच्या टेस्ट बेंचवर दोन रोलरला पावणेपंधरा मिली भरले, सहाला साडेबाराच्या आसपास. सहाची धार एकसारखी पडते, हे कबूल. पण 60 आरपीएमला (मिनिटाला 60 फेरे) नळीवर मिनिटाला 120 दाब पडायचे, ते 360 झाले. महिन्याभरात नळ्या फाटल्या, पंप परत आले, बँकेचा माणूस गाळ्यात येऊन बसला. लोकांना 'सलाईनची नळी' म्हणून आमची टिंगल कुणी पुरवली, ते मला माहीत आहे.

त्या दिवसांत अण्णा स्वतःचा मोजसिलिंडर आणि स्टॉपवॉच घेऊन आले. मोजलं आणि म्हणाले, "पानी कमी पडतंय न्हवं? मला माझं जुनंच दे." दहा पंपांचा ॲडव्हान्स टेबलावर ठेवला. भागीदारानं त्या रात्री फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) काढला. नळीच्या 1.6 मिमीच्या दोन भिंती म्हणजे 3.2. त्यानं रोलरखाली नळीसाठी फट 2.7 धरली. जास्त दाबलं तर नळी मरते, कमी दाबलं तर पाणी मागं सरकतं. तो गेज अजून माझ्या खणात आहे, 0.05 चं पान मोडलेलं.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. फ्लो हवा असेल तर आरपीएम वाढवू नका, नळी मोठी घ्या. 6 ची 8 केली की पावणेदोनपट पाणी. वेग फार वाढवला की दबलेली नळी फुगून परत भरायच्या आत पुढचा रोलर येतो, त्यात पंपातला द्रव घट्ट असला तर विचारूच नका. आणि नवी नळी थोडी चालवून मगच मोजा.

यंदा शेजारच्याच्या कॅटलॉगात दोन रोलरचं हेड आलंय. वर छापलंय, 'नवीन डिझाईन'.