क्लिफ रिचर्ड श्रीमंत कसा झाला?

माझा व्यवसाय करसल्लागाराचा आणि नाद जुन्या इंग्रजी तबकड्यांचा. इंदुरात या दोन गोष्टी एकाच माणसापाशी आहेत असे कळले की लोक क्लिफ रिचर्ड या ब्रिटिश गायकाबद्दल हमखास विचारतात, कारण तो लखनौचा हे आता बहुतेकांना ठाऊक झालेले आहे. ‘रेल्वेत खाणेपिणे पुरवणाऱ्या कंपनीतल्या नोकरदाराचा हा मुलगा एवढा श्रीमंत कसा झाला आणि त्याची संपत्ती नेमकी आहे तरी किती?’ अशील फाइल पुढे सरकवताना हे विचारतात, घरी तबकड्या ऐकायला येणारी तरुण मुले विचारतात, आणि ‘सानंद’ या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरातही कोणी ना कोणी गाठून विचारते. उभ्या उभ्या दिलेले उत्तर मला कधीच पुरेसे वाटलेले नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता ते सविस्तर लिहितो.

आधी आकड्याचे सांगतो. श्रीमंत कलावंतांच्या याद्यांमध्ये जे आकडे छापून येतात ते अंदाज असतात, कोणाच्या ताळेबंदावरून काढलेले नसतात. घर, जमीन, कंपनीचे जाहीर हिशेब एवढे बाहेरच्याला दिसते. कर्ज, न्यास, करारांतल्या अटी आणि दिलेले दान दिसत नाही. म्हणून तो आकडा मी सांगत नाही. या माणसाच्या आवाजातून जे उत्पन्न निर्माण झाले, त्यातले त्याच्या मालकीचे काय होते आणि काय नव्हते, हे मात्र कागदोपत्री स्पष्ट आहे, आणि श्रीमंतीच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तिथेच दिसते.

त्याचे मूळ नाव हॅरी रॉजर वेब. जन्म १४ ऑक्टोबर १९४० चा, लखनौचा. वडील केलनर कंपनीत होते. रेल्वेची उपाहारगृहे चालवणारी ही कंपनी जुन्या प्रवाशांच्या आठवणीत अजून आहे. कुटुंब पुढे हावड्याला गेले आणि १९४८ मध्ये ‘रांची’ नावाच्या बोटीने इंग्लंडला पोहोचले. त्या वर्षांत महूतल्याही कितीतरी अँग्लो-इंडियन कुटुंबांनी असेच घर आवरून बोटीची वाट धरली, आणि जी मागे राहिली त्यांच्या पुढच्या पिढ्यांकडूनच माझ्या बऱ्याचशा तबकड्या मला मिळाल्या. त्या घरांतून ऐकलेल्या गोष्टी आणि वेब कुटुंबाची कहाणी यांत फारसे अंतर नाही. इथे नोकरचाकर होते. तिथे गेल्यावर नातेवाइकांकडे एका खोलीत दिवस काढावे लागले आणि मग लंडनच्या उत्तरेला चेशंट येथे सरकारी वसाहतीत घर मिळाले. सोळाव्या वर्षी वडिलांनी गिटार घेऊन दिली. शाळा संपल्यावर त्याने काही काळ एका कारखान्याच्या कचेरीत कारकुनी केली. या घरात पैसा वारशाने येण्याची शक्यता नव्हती, हे इथेच नोंदवून ठेवतो.

१९५८ च्या जुलैमध्ये त्याने लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील स्टुडिओत ‘मूव्ह इट’ हे गाणे मुद्रित केले. ते त्याच्या वाद्यवृंदातल्या इयन सॅमवेलने लिहिले होते, तेही चेशंटला तालमीसाठी येताना बसमध्ये. कंपनीच्या मते ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकण्यापुरते होते; दूरचित्रवाणीवरचा निर्माता जॅक गुड याने आग्रह धरला म्हणून ते पुढच्या बाजूला आले आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. इंग्रजी रॉक संगीताची खरी सुरुवात बरेच जण या गाण्यापासून धरतात. त्याच्या आरंभीचा गिटारचा जो तुकडा ऐकताक्षणी ओळखू येतो, तो ना क्लिफने वाजवलेला आहे ना सॅमवेलने. निर्माता नॉरी पॅरामोर याने खबरदारी म्हणून अर्नी शिअर नावाचा व्यावसायिक गिटारवादक बोलावला होता, त्याने तो वाजवला. अशा वादकांना त्या दिवसाचे ठरावीक मानधन मिळत असे आणि त्यांचा हिशेब तिथेच मिटत असे. शिअरचे नाव मी मुद्दाम लिहिले आहे. पुढे त्याचा पुन्हा संबंध येणार आहे.

महूच्या एका घरातून माझ्याकडे आलेली ‘लिव्हिंग डॉल’ची तबकडी मी प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातात देतो आणि मधला कागदी गोल नीट वाचायला सांगतो. गाण्याच्या नावाखाली कंसात बारीक अक्षरांत ‘बार्ट’ असे छापले आहे. तो गाण्याचा कर्ता लायोनेल बार्ट. त्याखाली ठळक अक्षरांत क्लिफ रिचर्ड आणि त्याचा वाद्यवृंद. आणि गोलाच्या अगदी कडेने, भिंग लावल्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, निर्मात्याचे आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे सर्व हक्क राखून ठेवल्याची सूचना. सर्वांत मोठ्या अक्षरांत ज्याचे नाव आहे त्याचा हक्क सर्वांत लहान, हे त्या काळच्या बहुतेक तबकड्यांचे वास्तव होते.

इंदूरच्या माणसाला हे समजावणे सोपे जाते. सराफ्यात दिवसा चांदीचे दुकान आणि रात्री त्याच दुकानाच्या ओट्यावर गराडू तळणारा, अशी एकाच जागेवर दोन उत्पन्ने उभी असतात, आणि त्यांचे करार वेगळे असतात. गाण्याचेही तसेच आहे. शब्द आणि चाल ही एक मालमत्ता आणि त्या चालीचे एखादे विशिष्ट ध्वनिमुद्रण ही दुसरी. पहिली कर्त्याची, दुसरी बहुधा कंपनीची. आणि गायकाला त्या दुसऱ्या मालमत्तेतून करारात ठरेल तेवढा वाटा.

क्लिफने स्वतः फार थोडी गाणी लिहिली. आपल्या वाद्यवृंदातल्या गिटारवादक ब्रूस वेल्चबरोबर रचलेले ‘बॅचलर बॉय’ हे त्यांतले सर्वांना माहीत असलेले. म्हणजे जे कलावंत स्वतःच्या गाण्यांचे कर्ते असतात आणि उतारवयात त्या हक्कांची मोठी विक्री करतात, त्यांचा मार्ग त्याच्यापुढे नव्हता. मग तो श्रीमंत झाला तो कशावर? माझे उत्तर असे की तो थांबला नाही. १९५९ मध्ये ‘लिव्हिंग डॉल’ पहिल्या क्रमांकावर गेले. साठीच्या दशकाच्या आरंभी ‘द यंग वन्स’ आणि ‘समर हॉलिडे’ या चित्रपटांनी त्याला घराघरांत पोहोचवले. १९६८ च्या युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेत तो एका गुणाने हरला. १९६६ मध्ये आपली ख्रिस्ती श्रद्धा जाहीर केल्यावर आता हा रंगमंच सोडणार असे अनेकांना वाटले होते. त्याने तो सोडला नाही. अमेरिकेत ‘डेव्हिल वुमन’ १९७६ मध्ये पहिल्या दहांत आले, आणि १९७९ मध्ये अ‍ॅलन टार्नीने लिहिलेले ‘वी डोन्ट टॉक एनीमोअर’ ब्रिटनमध्ये पहिले आले. १९८८ च्या नाताळात पुन्हा पहिला क्रमांक. १९९९ मध्ये त्याच्या नेहमीच्या कंपनीने ‘द मिलेनियम प्रेअर’ काढायला नकार दिला, तेव्हा त्याने ते दुसऱ्या छोट्या कंपनीकडून काढले, अनेक रेडिओ केंद्रांनी ते लावले नाही, आणि तरीही ते तीन आठवडे पहिले राहिले. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत सलग पाच दशकांत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाचे गाणे देणारा तो गायक आहे. गायकाचा वाटा लहान असला तरी तो चाळीस वर्षे आटला नाही, आणि त्याला मैफलींच्या उत्पन्नाची जोड मिळत राहिली.

बार्बाडोसचे घर आणि पोर्तुगालच्या दक्षिणेकडचा द्राक्षमळा यांचे वर्णन वाचायला लोकांना आवडते. मला त्यात फार रस नाही. पैसा कुठे गेला हे मात्र पाहण्यासारखे आहे. ‘लिव्हिंग डॉल’ १९८६ मध्ये विनोदी नटांबरोबर नव्याने गायले गेले, पुन्हा पहिले आले आणि त्याचे उत्पन्न कॉमिक रिलीफ या मदतकार्याला गेले. ‘मिलेनियम प्रेअर’चे उत्पन्नही मुलांसाठीच्या मदतनिधीला मिळाले. २०१४ मध्ये त्याच्या घराची पोलीस झडती बीबीसीने हेलिकॉप्टरमधून चित्रित करून दाखवली. त्याला कधी अटक झाली नाही की त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही. त्याने खासगीपणाच्या हक्कासाठी दावा लावला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला २,१०,००० पौंड भरपाई दिली. असा खटला वर्षानुवर्षे चालवायला लागणारा पैसा त्याच्यापाशी होता. ज्याच्यापाशी नसेल त्याचे काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता माझ्या दृष्टीने या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. ब्रिटनमध्ये गाण्याच्या कर्त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र प्रकाशनापासून ५० वर्षांतच संपत असे. सॅमवेल २००३ मध्ये वारला, म्हणून ‘मूव्ह इट’चे शब्द आणि चाल २०७३ च्या अखेरीपर्यंत त्याच्या वारसांच्या उपयोगाची आहेत, क्लिफच्या आवाजातले १९५८ चे मुद्रण २००८ च्या अखेरीस कोणालाही मोकळे झाले. गायक हयात आहे, रंगमंचावर उभा राहून तेच गाणे गातो आहे, आणि त्याच्या तरुण आवाजाच्या मुद्रणावर त्याला एक पैसाही मिळण्याचा हक्क उरलेला नाही, अशी ही स्थिती होती. क्लिफने याविरुद्ध जाहीर मोहीम चालवली. २००६ मध्ये सरकारने नेमलेल्या गॉवर्स समीक्षेने मुदत वाढवू नये असाच सल्ला दिला होता. तरीही सप्टेंबर २०११ मध्ये, ब्रिटन तेव्हा ज्याचा सदस्य होता त्या युरोपीय संघाने ती ५० वरून ७० वर्षांवर नेली, आणि लोकांनी त्या नियमाला क्लिफचेच नाव दिले.

हा श्रीमंत माणूस आणखी पैशासाठी भांडला, असे त्या वेळी बोलले गेले आणि आमच्याकडेही कधी कधी बोलले जाते. असे बोलणाऱ्यांना मी तारखा पाहायला सांगतो. नियम ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाला आणि तोवर ज्यांची मुदत संपली होती ती मुद्रणे पुन्हा संरक्षणाखाली आली नाहीत. म्हणजे १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेले सारे बाहेर राहिले: ‘मूव्ह इट’, ‘लिव्हिंग डॉल’, ‘द यंग वन्स’. ज्या गाण्यांनी त्याला घडवले ती त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमातून वगळली गेली, आणि १९६३ चे ‘समर हॉलिडे’ तेवढे २०३३ पर्यंत सुरक्षित झाले. शिवाय त्या नियमात अशी तरतूद आहे की वाढीव वीस वर्षांत कंपनीला जे उत्पन्न होईल त्याचा २० टक्के भाग एकरकमी मानधनावर हक्क सोडून दिलेल्या वादकांसाठी बाजूला काढायचा. अर्नी शिअरला ‘मूव्ह इट’साठी याचा लाभ झाला नाही, कारण ते मुद्रण आधीच सुटले होते, पण त्याच्यासारख्या, नाव न छापलेल्या अनेकांसाठी ही वाट उघडली.

इंदुरात राहून हे लिहिताना लताबाईंचा विचार येणे स्वाभाविक आहे. त्यांचा जन्म याच शहरातला, २८ सप्टेंबर १९२९ चा. साठीच्या दशकात त्यांनी गायकालाही रॉयल्टी मिळाली पाहिजे अशी भूमिका घेतली. मोहम्मद रफींचे मत होते की मानधन मिळाले की गायकाचा संबंध संपला. आणि त्या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद ठेवले. रफींच्या बोलण्यात सज्जनपणा होता, पण हक्काच्या बाबतीत लताबाई बरोबर होत्या असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय कायद्याने गायकाचा रॉयल्टीचा हक्क मान्य केला तो २०१२ च्या दुरुस्तीत. मुदतीच्या बाबतीत आपण अजून मागे आहोत: ध्वनिमुद्रणाचे संरक्षण इथे ६० वर्षांचे, म्हणजे १९६३ चे मुद्रण आपल्याकडे १ जानेवारी २०२४ ला मोकळे झाले, तर त्याच वर्षीचे ब्रिटिश मुद्रण तिकडे आणखी दहा वर्षे जपले जाणार आहे.

श्रीमंतीचा प्रश्न विचारणाऱ्यांत आता इथली गाणारी मुलेमुलीही असतात, आणि बोलता बोलता त्यांतले काही आपला करार माझ्यापुढे ठेवतात. अलीकडे एका मुलीने आणलेल्या करारात रक्कम बरी होती. मात्र खालच्या कलमात सर्व माध्यमांतले, सर्व देशांतले, कायमचे हक्क त्या एकरकमी मोबदल्यात कंपनीकडे जातील असे लिहिलेले होते. भजनाची चाल तिचीच होती आणि गायलेही तिनेच होते. चालीच्या कर्त्याला मिळायची रॉयल्टी आपल्या कायद्यानुसार करारात सोडून देता येत नाही, हे तिला माहीत नव्हते आणि मसुदा करणाऱ्याने सांगितलेही नव्हते. आम्ही दोघांनी बसून ते कलम नव्याने लिहिले, चालीचा हक्क आणि मुद्रणाचा हक्क वेगवेगळे मांडले, गायिका म्हणून तिचा वाटा टक्क्यांत लिहिला आणि हिशेब दर सहा महिन्यांनी द्यावा अशी अट घातली. सुधारलेला मसुदा कंपनीकडे गेला आहे, आणि उत्तर येईपर्यंत कशावरही सही करायची नाही असे तिने ठरवले आहे.