चुन्याची घाणी आणि समुद्रातले तांबडे शेवाळ

आमच्या जालना जिल्ह्यात चुन्याचे नाव कुणी कौतुकाने घेत नाही. रानात चुनखडी वर आली की मोसंबीची पाने पिवळी पडणार हे ठरलेलेच, आणि बोअरचे पाणी तापवणाऱ्या हीटरच्या कॉइलवर चढणारे पांढरे कवच खरवडणे हे तर घरोघरचे काम आहे. त्यामुळे मागच्या हिवाळ्यात मालवणला ओहोटीच्या वेळी खडकांवर ऑइलपेंट सांडल्यासारखे गुलाबी डाग दिसले, आणि ते जिवंत आहेत, शिवाय चुन्याचेच आहेत, असे समजले, तेव्हा गावी परतल्यावर त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

या शेवाळाला कोरलाइन शैवाल म्हणतात. ते लाल शैवालांच्या गटातले असून त्याच्या पेशीभित्तींमध्ये कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे एक रूप, भरलेले असते. त्याचे काही प्रकार सांधे असलेल्या बारीक फांद्यांसारखे वाढतात, तर काही खडकाला पापुद्र्यासारखे चिकटून पसरतात. हात लावला तर शेवाळाचा बुळबुळीतपणा मुळीच जाणवत नाही, दगडच लागतो. सजीवांच्या वर्गीकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनेही त्याची गणना प्राण्यांच्या बाजूला केली होती. ही वनस्पती आहे हे 1837 मध्ये फिलिपी या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने दाखवून दिले.

हा चुना येतो कुठून, याचे उत्तर हीटरच्या कॉइलपाशीच सापडते. पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले असते. पाणी तापले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. शैवालाला विस्तव लागत नाही. प्रकाशसंश्लेषणासाठी ते भोवतीच्या पाण्यातला कार्बन ओढून घेते, पेशींलगतचे पाणी अल्कधर्मी होते आणि स्फटिक जमण्यास अनुकूल स्थिती तयार होते. मात्र कॉइलवरचा थर कसाही जमतो, तर शैवालाचे स्फटिक पेशीभित्तीतील कर्बोदकांच्या जाळीवर ओळीने रचले जातात. ही वाढ फार संथ असते; पापुद्र्याची जाडी वर्षाकाठी मिलिमीटरच्या हिशेबात मोजावी लागते. त्यातल्या लाल रंगद्रव्यामुळे खोल पाण्यातला मंद निळा प्रकाशही त्याला पुरतो, आणि बहामा बेटांजवळ तर ते 268 मीटर खोलीवर वाढताना आढळले आहे.

आजोळच्या वाड्यामागे चुन्याची जुनी घाणी होती. बैल फिरे, दगडी चाक चरातून चुना मळत जाई आणि त्याच चुन्याने भिंतीचे दगड एकमेकांना धरून ठेवत, असे आजोबा सांगत. प्रवाळभित्तीत हे काम कोरलाइन शैवाल करते: मोडलेले प्रवाळ, शिंपले आणि वाळू यांवर पसरून ते सगळे सांधून टाकते. जिथे लाटांचा मार सर्वाधिक असतो, त्या पॅसिफिकमधील कंकणद्वीपांच्या, म्हणजे कड्यासारख्या गोल प्रवाळबेटांच्या, वाऱ्याकडच्या कडेला तर त्याचा स्वतंत्र बांधच तयार होतो. त्याच्या पापुद्र्यावर मऊ शेवाळ वाढून ऊन अडवू पाहते, पण पोपटमासे आणि समुद्री साळू (सी अर्चिन) ते चरून साफ ठेवतात. अनेक प्रवाळांच्या अळ्याही बूड टेकवण्यासाठी असाच पापुद्रा शोधतात. खाली खचत जाणाऱ्या बेटांवर प्रवाळ वर वाढत राहून प्रवाळद्वीपे बनतात, हा डार्विनचा सिद्धांत तपासण्यासाठी पॅसिफिकमधील फुनाफुटी बेटावर 1896 ते 1898 दरम्यान खोल छिद्र घेण्यात आले, ते 1,114 फुटांपर्यंत गेले. बाहेर आलेल्या दगडात भित्ती बांधण्याच्या कामी कोरलाइन शैवाल पहिल्या क्रमांकावर आणि प्रवाळ चौथ्या क्रमांकावर निघाले. तरी नाव प्रवाळाचेच राहिले, हे मला थोडे अन्यायाचे वाटते.

प्रवाळाची सोबत नसली तरी हे शैवाल भित्ती उभारू शकते. तैवानच्या वायव्य किनाऱ्यावर ताओयुआन येथे सुमारे 27 किलोमीटर लांबीची शैवालभित्ती आहे. तिचे वय सुमारे 7,500 वर्षे सांगितले जाते. नद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांवर तिची सुरुवात झाली. तिथले पाणी गढूळ असल्याने प्रवाळांना भित्ती उभारण्याइतके बळ धरता आले नाही, शैवालाला आले. म्हणजे दगड बाजूला ठेवून नुसत्या चुन्यानेच भिंत चढवावी, तसला हा प्रकार. या भित्तीच्या परिसरात बांधल्या जाणाऱ्या नैसर्गिक वायूच्या टर्मिनलची जागा बदलावी का, यावर 18 डिसेंबर 2021 रोजी सार्वमत झाले आणि प्रस्ताव फेटाळला गेला. इतक्या संथपणे वाढणाऱ्या वस्तूविषयीचा निर्णय एका दिवसाच्या मतदानात व्हावा, हे मला अजूनही पचलेले नाही.

शैवालाच्या कॅल्साइटमध्ये मॅग्नेशियमचे प्रमाण अधिक असते आणि त्यामुळे तो आम्लाला लवकर विरघळतो. हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्राच्या पाण्यात मुरून त्याची आम्लता वाढवत असल्याने, धोका ओळखायचा तर नजर आधी या पापुद्र्यांवर ठेवावी लागते. मालवणच्या वाळूत सापडलेला मेलेल्या शैवालाचा नखाएवढा पांढरा तुकडा आणि कॉइलवरची एक खपली मी परवा दोन बशांत ठेवून दोन्हींवर लिंबू पिळले. दोन्ही बशांत सारखेच बुडबुडे उठले.